रेंज नसलेल्या शाळेत काय उतरवून न्यावं?

प्रश्न : बाई, पाटण तालुक्यातल्या डोंगरकपारीच्या शाळेत मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवतो. माजी विद्यार्थ्यांनी लॅपटॉप आणि प्रोजेक्टर दिलाय, पण मोबाइलला रेंज फक्त देवळाच्या कट्ट्यावर. प्रशिक्षणात मोफत साधनांची भलीमोठी यादी मिळाली. सुरुवात कुठून करू?
– एक शिक्षक

उत्तर : सर, यादी कपाटात ठेवा आणि एकच साधन धरा, फेट (PhET) हे विज्ञानाच्या प्रयोगांचं मोफत संकेतस्थळ. नोबेलविजेते भौतिकशास्त्रज्ञ कार्ल वीमन यांनी २००२ साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात ते सुरू केलं. पडद्यावर हाताळायचे प्रयोग आहेत, पुष्कळसे मराठीतही आहेत. मुख्य म्हणजे प्रयोगाची फाइल एकदा उतरवली की ब्राउझरमध्ये नेटशिवाय उघडते.

जावळीत असताना पाहुण्यांसमोर पाठ घेताना माझं नेट गेलं होतं. अख्खा वर्ग पडद्यावरच्या गोल फिरणाऱ्या चक्राकडे बघत बसला. तेव्हापासून शनिवारी साताऱ्याला घरी आले की पुढच्या आठवड्याचं सगळं पेन ड्राइव्हवर घ्यायचं, हा माझा नेम झाला.

विद्युत परिपथापासून सुरू करा. पण पहिल्या दिवशी लॅपटॉप उघडूच नका. सेल, वायर, टॉर्चचा बल्ब पोरांच्या हातात द्या. बल्ब पेटल्यावर त्यांचे चेहरे बघा, ते पडद्यावर मिळत नाही. दुसऱ्या दिवशी फेट. बॅटरीची दोन टोकं थेट वायरनं जोडली की तिथं ज्वाळा दिसतात. खऱ्या सेलला असं करू नका, हे आपण नेहमी सांगतो. का करू नये, ते इथं दाखवता येतं. प्रत्येक जोडणीआधी ‘आता काय होईल?’ ते वहीत लिहून घ्या आणि माउस पोरांकडेच राहू द्या. एकसर जोडणीतला, म्हणजे एकामागे एक जोडलेल्यांतला, एक बल्ब काढला की दुसराही विझतो. त्यावर माझ्या वर्गातल्या एका मुलीनं विचारलं, “बाई, मग आमच्या घरी एक दिवा गेला तर बाकीचे कसे चालू राहतात?” समांतर जोडणीचा, म्हणजे प्रत्येक दिव्याला विजेची वेगळी वाट देण्याचा, धडा तिनंच सुरू करून दिला.

बाकीचं सावकाश. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड सरकारच्या दीक्षा ॲपमध्ये उघडतात, साहित्य घरूनच उतरवून आणा. किविक्स (Kiwix) या मोफत ॲपवर एकदा उतरवून ठेवलेला मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो. आपल्या वाईत घडलेला मराठी विश्वकोशही मोफत वाचता येतो. पाठाच्या तयारीला मी आधी तोच उघडते. मोफत म्हणवणारं ॲप पोरांचे फोन नंबर मागत असेल तर मात्र तिथंच थांबा.

आणि टॉर्चचे जुने, तारेचे बल्ब आताच शोधून ठेवा, हल्ली पटकन मिळत नाहीत. एलईडी घेऊ नका. ती उलटी जोडली की पेटत नाही, आणि पोरांना वाटतं आपलंच काहीतरी चुकलं.