पिव्होटआधी मूळ तक्ता बघा

एक्सेलमध्ये पिव्होट टेबल (लांबलचक नोंदींचा गटवार सारांश काढणारी सोय) शिकताना घोडं अडतं ते बहुतेक वेळा मूळ तक्त्यात. विक्रीची नोंद असेल तर एका ओळीत एकच व्यवहार हवा: तारीख, गाव, माल, रक्कम. एप्रिल, मे, जून असे वेगवेगळे रकाने पाडले असतील तर आधी ते मोडून 'महिना' हा एकच रकाना करा. मर्ज केलेले (एकत्र जोडलेले) सेल सुटे करा आणि मधल्या बेरजेच्या ओळी तर काढाच (त्या घालणं हे हिशेबनीसांचं फार लाडकं काम!). मग कंट्रोल-टी दाबून या मूळ तक्त्याचं एक्सेल 'टेबल' करा, म्हणजे नव्या ओळी आपोआप धरल्या जातात. पिव्होट रिफ्रेश मात्र करावंच लागतं.

पिव्होटमध्ये रकमेच्या जागी 'सम' (बेरीज) ऐवजी 'काउंट' (नोंदींची मोजणी) आलं, तर नुसतं बदलून पुढे जाऊ नका. त्या रकान्यात बहुधा कुठेतरी मजकूर म्हणून टाइप केलेला आकडा (जुन्या एक्सेलमध्ये रिकामा सेलही) असतो, आणि असा आकडा बेरजेत धरलाच जात नाही. एकूण कमी येते, कुणाच्या लक्षातही येत नाही.

एखादी बेरीज खटकली तर तिच्यावर डबल-क्लिक करा. तिच्यामागच्या सगळ्या ओळी नव्या शीटवर उघडतात.