वाचकांचे प्रश्न : इलेक्ट्रॉन वाढतात, तरी अणू आक्रसतो कसा?

प्रश्न : माझी मुलगी यंदा दहावीत आहे. आवर्तसारणीत डावीकडून उजवीकडे जाताना अणूचा आकार कमी होतो, असे ती शिकली. तिचे म्हणणे असे, की प्रत्येक घरात एक इलेक्ट्रॉन वाढत असेल, तर अणू फुगायला हवा. मी वाणिज्य शाखेची, त्यामुळे मला उत्तर देता आले नाही. शिकवणीत तिला 'बाणाची दिशा पाठ कर' एवढेच सांगण्यात आले. (एक पालक, सांगली)

उत्तर : आपल्या मुलीने नेमक्या जागी बोट ठेवले आहे आणि तिला नुसता बाण पाठ करायला लावणे हे तिच्या प्रश्नावर अन्याय करणारे आहे. अणूचा आकार इलेक्ट्रॉनांच्या संख्येवर ठरत नाही. सर्वांत बाहेरचे इलेक्ट्रॉन केंद्रकाने किती अंतरावर धरून ठेवले आहेत, यावर तो ठरतो. आवर्तात, म्हणजे सारणीच्या आडव्या ओळीत, एक घर पुढे सरकले, की एक इलेक्ट्रॉन वाढतो हे खरे, पण त्याच वेळी केंद्रकात एक प्रोटॉनही वाढतो. नवा इलेक्ट्रॉन नवे कवच उघडत नाही, आहे त्याच कवचात जातो. आतल्या कवचातील इलेक्ट्रॉन केंद्रकाची ओढ बऱ्याच प्रमाणात अडवतात. एकाच कवचातले शेजारी मात्र एकमेकांच्या आड फारसे येत नाहीत.

ही ओढ किती, याचा वहीच्या समासात मावेल असा हिशेब जॉन स्लेटर या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने १९३० मध्ये घालून दिला. तो मुलीकडून करून घ्यावा. दुसऱ्या आवर्तातील बाहेरच्या इलेक्ट्रॉनासाठी आतल्या कवचातला प्रत्येक इलेक्ट्रॉन ०.८५ इतका आणि त्याच कवचातला प्रत्येक सोबती ०.३५ इतका आडोसा करतो, असे धरायचे. लिथियमच्या केंद्रकात ३ प्रोटॉन आहेत आणि आतल्या कवचात दोन इलेक्ट्रॉन. म्हणजे ३ मधून १.७० वजा जाऊन बाहेरच्या इलेक्ट्रॉनाला १.३० इतकाच प्रभार जाणवतो. फ्लोरिनमध्ये ९ प्रोटॉन आहेत. आतल्या दोघांचे १.७० आणि सोबतच्या सहा जणांचे २.१० वजा केले, की ५.२० उरतात. कवच तेच आणि ओढ चौपट, म्हणून लिथियमची १५२ पिकोमीटर असलेली त्रिज्या फ्लोरिनपर्यंत ६४ वर येते.

गणात, म्हणजे उभ्या स्तंभात, वरून खाली जाताना चित्र उलटते. याच पद्धतीने, लगतच्या आतल्या कवचाच्याही आत असलेल्या प्रत्येक इलेक्ट्रॉनाचा आडोसा पूर्ण १ धरून, सोडियम आणि पोटॅशियम या दोघांचाही हिशेब २.२० येतो. ओढ तेवढीच राहिली, पण पोटॅशियमचा शेवटचा इलेक्ट्रॉन एक कवच दूर गेला. त्रिज्या १८६ वरून २३१ पिकोमीटर झाली आणि तो इलेक्ट्रॉन काढून घ्यायला लागणारी आयनन ऊर्जा दर मोलला ४९६ वरून ४१९ किलोज्यूलपर्यंत उतरली. शाळेच्या प्रयोगशाळेत सोडियम रॉकेलात बुडवून ठेवलेला असतो. शिक्षक त्याचा तुकडा सुरीने कापतात, तेव्हा कापलेली बाजू क्षणभर चांदीसारखी चमकते आणि पाहता पाहता मळकट होते. हवेतल्या ऑक्सिजनने आणि ओलाव्याने तो सैल धरलेला इलेक्ट्रॉन काढून नेल्याची ती खूण असते. पोटॅशियम याहून चपळ आहे. पाण्यावर पडताच त्याच्यातून निघणारा हायड्रोजन जांभळट ज्योतीने पेट घेतो. नवे कवच उघडले का आणि केंद्रकाची ओढ किती बदलली, हे दोन प्रश्न मुलीने प्रत्येक घरापाशी स्वतःला विचारावेत. बाण तिला आपोआप काढता येईल.

प्रश्न : आवर्तात आयनन ऊर्जा वाढत जाते, तर नायट्रोजनची १४०२ आणि त्यापुढच्या ऑक्सिजनची १३१४ कशी? 'अर्धपूर्ण उपकवच स्थिर असते' असे उत्तर लिहिले, तर पुरेल का? (बारावीचा विद्यार्थी, नांदेड)

उत्तर : गुण कदाचित मिळतील, पण त्या वाक्याने कारण कळत नाही, कारण उपकवच स्थिर का, हा प्रश्न तसाच राहतो. दुसऱ्या कवचातील पी उपकवचात, म्हणजे कवचाच्या एका पोटविभागात, तीन कक्षके असतात; एका कक्षकात जास्तीत जास्त दोन इलेक्ट्रॉन मावतात. नायट्रोजनचे तीन इलेक्ट्रॉन त्यांत एकेकटे, समांतर स्पिनने बसतात, त्यामुळे ते एकमेकांपासून दूर राहतात. ऑक्सिजनच्या चौथ्या इलेक्ट्रॉनाला मात्र आधीच एक इलेक्ट्रॉन बसलेल्या कक्षकात दाटीवाटीने शिरावे लागते. तेथल्या प्रतिकर्षणामुळे तो काढणे सोपे जाते. तिसऱ्या आवर्तात फॉस्फरसची १०१२ आणि गंधकाची १००० आहे. घसरण तीच, पण अणू मोठा असल्याने दाटी कमी आणि म्हणून फरकही कमी. बेरिलियमकडून बोरॉनकडे जाताना ९०० वरून ८०१ वर होणारी घसरण मात्र वेगळ्या कारणाची आहे, तिची यात गल्लत करू नये: बोरॉनचा शेवटचा इलेक्ट्रॉन एस उपकवचाऐवजी जास्त ऊर्जेच्या पी उपकवचात असतो.

प्रश्न : ॲल्युमिनिअमच्या खालच्या घरात गॅलियम आहे, तरी ॲल्युमिनिअमची त्रिज्या १४३ आणि गॅलियमची त्याहून कमी, १३५ पिकोमीटर दिलेली आढळते. ही छपाईची चूक आहे का? (एक शिक्षिका, रत्नागिरी)

उत्तर : चूक नाही. हे दोन अणू एका गणातले शेजारी असले, तरी गॅलियमच्या आधी, त्याच आवर्तात, स्कँडियमपासून जस्तापर्यंत दहा मूलद्रव्ये येतात. त्या वाटेवर दहा प्रोटॉन वाढतात, आणि सोबत भरलेले दहा डी इलेक्ट्रॉन विरळ पसरलेले असल्याने केंद्रकाची ओढ नीट अडवू शकत नाहीत. नवे कवच उघडल्याने वाढायचा तो आकार ही जादा ओढ खाऊन टाकते. आयनन ऊर्जाही जवळपास सारखीच, ५७८ आणि ५७९, आहे. आवर्तसारणी मांडणाऱ्या मेंडेलीव्हने १८७१ मध्ये या रिकाम्या घरासाठी ५.९ घनतेचा धातू वर्तवला होता. १८७५ मध्ये रसायनशास्त्रज्ञ लकोक द बॉयबॉद्रां यांना तो फ्रान्समध्ये सापडला, तेव्हा त्यांनी घनता ४.७ मोजली, मेंडेलीव्हने पुन्हा तपासायला सुचवले, आणि शुद्ध नमुन्यावर ती ५.९ भरली. मला हा प्रसंग आवर्तसारणीच्या इतिहासात सर्वांत प्रिय आहे.

हाच प्रकार आणखी ठळकपणे झिर्कोनियम आणि हाफ्नियम यांच्यात दिसतो. त्यांच्यामध्ये एफ उपकवचाचे चौदा इलेक्ट्रॉन भरले जातात, ते तर डीपेक्षाही कमी आडोसा करतात. परिणामी त्रिज्या अनुक्रमे १६० आणि १५९ पिकोमीटर. रासायनिक वागणूक इतकी सारखी, की हाफ्नियम झिर्कोनियमच्या खनिजात दडूनच राहिला आणि १९२३ मध्ये कोपनहेगनला क्ष-किरण वर्णपटामुळे उघडकीस आला. केंद्रके मात्र भिन्न असतात: हाफ्नियम न्यूट्रॉन गिळतो, झिर्कोनियम त्यांना जवळजवळ मोकळी वाट देतो. म्हणून तारापूरच्या अणुभट्ट्यांमधील इंधननळ्यांसाठी लागणाऱ्या झिर्कोनियममधून हाफ्नियम आधी काढून टाकावा लागतो, आणि हैदराबादच्या अणुइंधन संकुलात हे काम द्रावक निष्कर्षणाने, म्हणजे योग्य द्रावकात एक घटक ओढून घेऊन, एकाच पायरीत नव्हे तर एकामागून एक अनेक पायऱ्यांनी, करावे लागते.