मानेतली गाठ दोन महिन्यांनी वाढली तर औषध बदलण्याआधी हे बघा

ताई, तुमची पोस्ट दोनदा वाचली. धाकट्या बहिणीच्या मानेत गाठ, सुईने तपासणी, रिपोर्टात ग्रॅन्युलोमा (टीबीत दिसतात तसे पेशींचे पुंजके), त्यावरून टीबीच्या गोळ्या सुरू, आणि आता दोन महिने होऊन गेले तर गाठ बसायच्या ऐवजी मोठी झालीय, शेजारी आणखी एक आलीय, आणि डॉक्टर म्हणताहेत की लिव्होफ्लॉक्सासिन हे आणखी एक अँटिबायोटिक जोडून बघू, नाहीतर गाठ काढूनच टाकू. हे सगळं आमच्या घरी अगदी असंच झालंय, माझ्या धाकट्या जावेला, इथेच इंदूरला, 2022 साली. म्हणून लांबलचक लिहितेय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे यातलं काही वाचून गोळी बंद किंवा सुरू करू नका, डॉक्टरांना काय विचारायचं तेवढ्यापुरतं घ्या.

गोळ्या कधी घ्यायच्या, लघवी केशरी होते, वजनाप्रमाणे गोळ्यांची संख्या ठरते, हे तुम्हाला एव्हाना पाठ झालं असेल, ते सोडते.

पहिलं म्हणजे घाबरू नका. गाठ वाढली म्हणजे औषध लागू पडत नाहीये असंच नसतं. गाठींच्या टीबीत बऱ्याच पेशंटना औषध नीट चालू असताना सुद्धा गाठ सुजते, नवीन येते, कधी फुटते पण. जंतू मरत असतात आणि मेलेल्या जंतूंवर शरीर चवताळून उठतं, त्याला पॅराडॉक्सिकल रिअ‍ॅक्शन म्हणतात. तसं असेल तर तीच औषधं चालू ठेवतात, फार तर सूज कमी करायला डॉक्टर थोडे दिवस स्टिरॉइड देतात. पण दुसरी शक्यता ही की जंतू औषधाला दाद देत नाहीयेत, म्हणजे रेझिस्टंट आहेत. बाहेरून दोन्ही गाठी सारख्याच दिसतात! हात लावून कुणालाच सांगता येत नाही, कितीही मोठा डॉक्टर असो. आणि रेझिस्टंट असताना नुसतं स्टिरॉइड दिलं तर नुकसान. म्हणून तपासणीशिवाय काहीही बदलू देऊ नका, या एका गोष्टीवर माझं मत फार पक्कं आहे.

आता आमचं जिथे बिघडलं ते सांगते, कारण तुमच्या बहिणीची गाठ काढायचं चाललंय म्हणता. जावेची गाठ एका खाजगी नर्सिंग होममध्ये काढली. नाव लिहीत नाही. काढलेली अख्खी गाठ त्यांनी फॉर्मेलिनच्या (नमुना टिकवायच्या रसायनाच्या) डबीत टाकली आणि डबी दिराच्या हातात दिली, जा म्हणे लॅबमध्ये देऊन या. रिपोर्ट आला टीबीशी जुळणारा, पण टीबी आहे हे तर आम्हाला आधीच माहीत होतं, प्रश्न होता कुठल्या औषधाने जाईल, आणि त्याचं उत्तर त्या रिपोर्टात असूच शकत नव्हतं. फॉर्मेलिनमध्ये पेशी जशाच्या तशा टिकतात म्हणून मायक्रोस्कोपखाली बघायला ते उत्तमच, पण त्यात जंतू मरतात, कल्चर (लॅबमध्ये जंतू वाढवून बघणं) कायमचं गेलं, आणि डीएनएचे पण तुकडे होतात म्हणून सीबीनॅट या जंतूंच्या डीएनए तपासणीचा सुद्धा धड भरवसा राहत नाही. नंतर छातीच्या डॉक्टरांनी विचारलं की कल्चरला काय पाठवलंत, तर पाठवायला काही उरलंच नव्हतं. दीर नर्सिंग होममध्ये विचारायला गेला तर काउंटरवरून उत्तर मिळालं की आमच्याकडे सगळ्यांची बायोप्सी अशीच जाते. सगळ्यांची! अजूनही आठवलं की राग येतो, कारण यात ना महाग मशीन लागत होतं ना वेगळा डॉक्टर. त्याच गाठीचा छोटा तुकडा साध्या नॉर्मल सलाइनमध्ये, निर्जंतुक डबीत, एवढंच करायचं होतं. या एका गोष्टीने तिचे कितीतरी महिने खाल्ले, नोकरी गेली, आणि गोळ्यांनी पोट बिघडलं ते वेगळंच.

म्हणून ताई, गाठ काढा किंवा सुई घाला, आधी डॉक्टरांना हे विचारा की सँपलचे दोन भाग करणार ना, एक फॉर्मेलिनमध्ये आणि एक सलाइनमध्ये. ऑपरेशनच्या टेबलावर जायच्या आधी विचारा, नंतर उपयोग नाही. सलाइन थोडंसंच, तुकडा वाळू नये इतपत, आणि तो त्याच दिवशी लॅबला पोचला पाहिजे. डबीवर नाव, तारीख, कुठला तुकडा ते लिहून घ्या. गाठीत पू झाला असेल तर तोसुद्धा चालतो, सुईने काढलेला पू सिरिंजमध्ये उरतो तो फेकायला लावू नका. आणि माझं स्वतःचं मत, चुकीचं असू शकेल, नुसती गाठ काढून टाकणं हा टीबीचा इलाज नव्हे, आजार तिथेच मर्यादित नसतो. काढायचीच असेल तर तपासणीसाठी काढा.

ते लिव्होफ्लॉक्सासिन. आमच्याकडे पण हेच झालं, अंदाजाने तेवढी एक गोळी जोडली, थोडे दिवस गाठ बसल्यासारखी वाटली, सगळे खूश, आणि मग गळपट्टीच्या हाडावर नवीन गाठ येऊन फुटली. त्या पुवातून सरकारी लॅबमध्ये शेवटी कळलं की रिफॅम्पिसिन या टीबीच्या मुख्य औषधाला रेझिस्टन्स आहे. चालू औषधं लागू पडत नसताना त्यात एकच नवीन औषध घालायचं नाही, हा टीबीतला जुना नियम आहे, कारण आधीच्यांना न जुमानणारे जंतू त्या एकट्या औषधासमोर उभे राहतात आणि त्यालाही सरावतात. त्यात लिव्होफ्लॉक्सासिन-मॉक्सिफ्लॉक्सासिन हे गट रेझिस्टंट टीबीच्या इलाजातले मोठे आधार आहेत, ते अंदाजाने वाया घालवायचे नसतात. शिवाय सँपलच्या आधी ते सुरू केलं तर कल्चरमध्ये जंतू कदाचित उगवायचे पण नाहीत. तिने आधीच एखादी गोळी घेतली असेल तर लॅबला आणि डॉक्टरांना सांगा, लपवू नका.

तपासण्यांचं थोडक्यात. सीबीनॅट आणि आपलं देशी ट्रूनॅट, दोन्ही सरकारीत फुकट होतात. सीबीनॅट मशीनवर लागलं की साधारण दोन तासांत निकाल देतं, जंतू आहेत का आणि रिफॅम्पिसिनला रेझिस्टन्स आहे का. पण गाठीत जंतू मुळात थोडेच असतात, त्यामुळे 'नॉट डिटेक्टेड' आलं तरी टीबी नाही असं होत नाही. उलट औषध चालू असताना 'डिटेक्टेड' आलं तरी ते मेलेल्या जंतूंचं डीएनए असू शकतं, जिवंत आहेत का ते कल्चरच सांगतं, आणि त्याला लिक्विड कल्चरमध्ये सहा आठवडे लागू शकतात, तेव्हा ते पहिल्याच दिवशी लावायला सांगा. आणि नेहमीचं सीबीनॅट आयसोनियाझिड या दुसऱ्या मुख्य औषधाचा रेझिस्टन्स दाखवत नाही हे लक्षात ठेवा, त्यासाठी एलपीए ही दुसरी डीएनए तपासणी वेगळी मागावी लागते. रिफॅम्पिसिन सेन्सिटिव्ह (म्हणजे लागू पडतं असं) आलं म्हणून सगळे निश्चिंत होतात, आयसोनियाझिडचं कुणी बघतच नाही. फक्त आयसोनियाझिडला रेझिस्टन्स असेल तर इलाज वेगळा, त्यात लिव्होफ्लॉक्सासिन असतं, पण बाकीच्या चालणाऱ्या औषधांबरोबर, एकटं नाही.

समजा रेझिस्टंट निघालंच, तरी हातपाय गाळू नका. जावेला दीड वर्षाच्या वर औषधं घ्यावी लागली, पण सप्टेंबर 2024 मध्ये केंद्राने बीपाल्म या नव्या कोर्सला मंजुरी दिली, बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड आणि मॉक्सिफ्लॉक्सासिन, सगळ्या गोळ्या, इंजेक्शन नाही, साधारण सहा महिने. गाठींच्या टीबीत चालतो, मेंदूच्या किंवा हाडांच्या टीबीत नाही, गरोदरपणात आणि 14 वर्षांखालच्यांना नाही, ते डॉक्टर बघतील. लिनेझोलिडने हातापायाला मुंग्या येतात, रक्त कमी होतं, बेडाक्विलिनसाठी ईसीजी काढत राहावा लागतो. मुंग्या आल्या तर पहिल्याच आठवड्यात सांगा, जाव सहन करत बसली आणि पाय अजून पूर्ण ठीक नाहीत.

कुठे जायचं विचारलंत, तर इंदूरचं सरकारी एम.वाय. हॉस्पिटल किंवा एमआरटीबी हे टीबीचं हॉस्पिटल. पर्चीच्या लायनीला बघून परत येऊ नका, सकाळी लवकर जा, आधीचे सगळे कागद आणि स्लाइड घेऊन जा. खाजगी डॉक्टरांनी तिचं नाव निक्षय या सरकारच्या टीबी पोर्टलवर टाकलंय का ते आजच विचारा. टीबीचा पेशंट सरकारला कळवणं खाजगी डॉक्टरांवर 2012 पासून बंधनकारक आहे, तरी आमच्या नर्सिंग होमने टाकलं नव्हतं, आणि त्यामुळे पुढे प्रत्येक ठिकाणी निक्षयचा आयडी काय म्हणून अडवलं. त्याच आयडीवर पोषणाचे पैसे येतात, आधी महिना 500 होते, नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. आयडी काढला तरी आमचे पैसे अडकून राहिले, कारण बँकांचं विलीनीकरण झाल्यावर आयएफएससी कोड बदलला होता आणि पासबुकावर जुनाच होता. तेव्हा नवीन कोड बँकेतून लिहून आणा. कुठे अडलं तर 1800-11-6666 ही टीबीची फुकट हेल्पलाइन आहे.

आणि एक, तुम्ही लिहिलंय की बहिणीचं ताट-वाटी वेगळं केलंय आणि तिच्या लग्नाचं बघताय म्हणून कुणाला सांगितलं नाही. लपवणं मी समजू शकते, आपल्या लोकांत कसं बोलतात ते मला माहीत आहे, पण ताट आजच एकत्र करा. टीबी हवेतून पसरतो, भांड्यांतून नाही, आणि नुसत्या गाठींचा टीबी सहसा पसरतच नाही. छातीचा एक्स-रे झाला नसेल तर तो मात्र करून घ्या, फुप्फुसात काही नाही ना एवढं बघायला. जाव महिनोन्महिने वेगळी जेवली, आणि आजारापेक्षा तेच तिला जास्त लागलं असं ती स्वतः म्हणते.

उद्या डॉक्टरांकडे जाताय म्हणालात ना, तर लिव्होफ्लॉक्सासिनची चिठ्ठी घेण्याआधी सलाइनच्या डबीचं विचारा, आणि ते नाही म्हणाले तर सँपल द्यायच्या आधीच दुसरीकडे जा. सीबीनॅट आणि एलपीएचा निकाल आला की इथेच लिहा, औषधांची नावं रिपोर्टात जशी असतील तशी टाका, म्हणजे जावेचे कागद शेजारी ठेवून काय-काय विचारायचं ते सांगता येईल.