प्रोग्राम अडलाय, पण विचारू कोणाला?

"मॅडम, विचारलं तर सगळ्यांना कळेल ना, की मला काहीच येत नाही!" पहिलं सत्र सुरू झालं की प्रोग्रामिंग शिकणाऱ्या मुलांकडून हे वाक्य मी सतत ऐकते. गणितात अडलेली मुलं शेजारच्याला सहज विचारतात. लॅबमध्ये मात्र शेजारच्याच्या स्क्रीनवर उत्तर दिसत असतं आणि आपल्या स्क्रीनवर एरर, तीही इंग्रजीत. तिथे जीभ रेटत नाही.

एका मुलीबद्दल सांगते, तिच्या परवानगीने आणि ओळख पटेल असं काही न लिहिता. बारावीपर्यंत मराठी माध्यम, चांगले गुण, बीसीएसला (कॉम्प्युटर सायन्सच्या पदवीला) प्रवेश, घरी कॉम्प्युटर नाही. माझ्याकडे आली ती "मला कोर्स सोडायचाय" असं म्हणतच. बोलता बोलता कळलं की सगळं एका असाइनमेंटपासून सुरू झालं होतं. तीन विषयांच्या गुणांची सरासरी काढणारा सी भाषेतला साधा प्रोग्राम. गुण 72, 65 आणि 71. सरासरी 69.33 यायला हवी, पण उत्तर येत होतं 69.000000. एरर नाही, काही नाही. ती उत्तर छापणारी प्रिंटएफची ओळच पुन्हा पुन्हा बदलत बसली. शेवटी मैत्रिणीकडून व्हॉट्सअ‍ॅपवर कोड मागवला आणि जर्नलमध्ये उतरवला. प्रॅक्टिकलला सरांनी एवढंच विचारलं, "इथे 3 ऐवजी 3.0 का लिहिलंय?" तिला सांगता आलं नाही. सर रागावले नाहीत, पुढच्या मुलाकडे वळले. पण आपली या विषयाची लायकीच नाही, हे तिच्या मनात पक्कं बसलं.

मी तिला विचारलं, "मैत्रिणीकडे कोड मागताना लाज नाही वाटली?" ती म्हणाली, "नाही, तो तर सगळेच मागतात." मला वाटतं, खरी अडचण इथेच आहे. अख्खा कोड मागताना आपल्याला काय येत नाही ते कोणाला दिसत नाही. "सरासरीतला दशांश भाग कुठे जातोय?" असं विचारलं की ते दिसतं. म्हणून मुलं जी मदत निरुपयोगी आहे तीच मागतात, आणि उपयोगाची मदत मागायला घाबरतात.

मला सी येत नाही, हे मी तिला सांगून टाकलं. मग कागदावर लिहायला लावलं: मी काय लिहिलं, काय यायला हवं होतं, काय आलं, आणि आतापर्यंत काय बदलून पाहिलं. "चालत नाही" हे शब्द वापरायचे नाहीत. एरर असेल तर ती जशीच्या तशी, ओळीच्या क्रमांकासकट उतरवायची. (अर्धविराम राहिला की पुष्कळदा एरर पुढच्या ओळीवर दिसते, हे मला अशा कागदांवरूनच कळलं.) तो कागद घेऊन ती लॅबमधल्या सरांकडे गेली. ते म्हणाले, "तिन्ही गुण इंट, म्हणजे पूर्णांक प्रकारचे आहेत आणि भागतेस 3 ने, तोही इंट. मग भागाकार पूर्णांकातच होणार, बाकी सोडून दिली जाणार. उत्तर फ्लोटमध्ये, म्हणजे दशांश ठेवणाऱ्या प्रकारात ठेवेपर्यंत दशांश गेलेला असतो. 3.0 लिहिलं की भागाकारच दशांशात होतो." चौथीतला भागाकार-बाकीचा हिशोब! तिला तो उत्तम येत होता.

चॅटजीपीटीला विचारावं का, असंही मुलं विचारतात. जरूर विचारा, पण याच कागदासारखं. "प्रोग्राम लिहून दे" म्हणू नका. "कोड देऊ नकोस, कुठल्या ओळीकडे पाहू ते सांग" असं म्हणा. नाहीतर तो मैत्रिणीचाच कोड झाला, आणि व्हायवाला (तोंडी परीक्षेला) त्यातल्या 3.0 चं कारण तुम्हालाच सांगायचंय. आधी अर्धा-पाऊण तास स्वतः झटापट करा. त्याहून जास्त वेळ एकाच ठिकाणी अडलात तर कुढत बसू नका, उठून विचारा.

शिक्षकांना आणि सीनियर दादा-ताईंना एक कळकळीची विनंती: "एवढंही येत नाही?" हे शब्द तोंडातून जाऊ देऊ नका. ते ऐकलेला मुलगा पुढचे कित्येक महिने हात वर करत नाही.

त्या मुलीने कोर्स सोडला नाही. वर्गात सगळ्यांसमोर ती अजूनही विचारत नाही. तास संपल्यावर वही घेऊन सरांना गाठते आणि मराठीत विचारते. वर्गातच विचार असा आग्रह मी धरलेला नाही.