शेवटचे शब्द, अखेरचे उद्गार आणि निरोप

प्रश्न असा आहे: मरणसमयीच्या बोलण्याला ‘अंतिम शब्द’ म्हणावे, ‘शेवटचे शब्द’ की ‘अखेरचे उद्गार’? आणि स्वतःसाठी असे एखादे वाक्य लिहून ठेवायचे, तर ते कसे असावे?

‘अंतिम शब्द’ टाळावा. अंतिम निकाल, अंतिम यादी या प्रयोगांमुळे त्याला निर्णयाचा वास येतो. ‘शेवटचा शब्द’ असे एकवचन तर सौद्यातलेच. अनेकवचनी ‘शेवटचे शब्द’ मात्र कुठेही चालेल.

‘उद्गार’ आपसूक बाहेर पडतो, त्यामुळे तो शब्द जपून वापरावा. 30 ऑगस्ट 1773 ला शनिवारवाड्यात मारेकरी मागे लागले असताना नारायणराव पेशव्यांच्या तोंडी परंपरेने दिलेले ‘काका, मला वाचवा’ हा खरा उद्गार. 1760 च्या जानेवारीत दिल्लीजवळच्या बुराडी घाटावर जखमी पडलेल्या दत्ताजी शिंद्यांचे ‘बचेंगे तो और भी लडेंगे’ हे मात्र उत्तर आहे. आणखी लढणार का, असे शत्रूपक्षाच्या कुत्बशहाने विचारल्यावर ते दिले गेले, अशी कथा आहे. मराठी माणसाने ते मराठीत न आणता तसेच जपले, हे फार चांगले केले. ‘वाचलो तर आणखी लढू’ यात ती धार उरत नाही.

आधीच ठरवून ठेवलेल्या वाक्याला ‘निरोप’ हाच शब्द शोभतो. निरोप म्हणजे सांगावा आणि निरोप म्हणजे रजा. इथे दोन्ही अर्थ लागतात. लिहिताना चूक होते ती क्रियापदात. ‘मी तुम्हाला निरोप देतो’ असे लिहिले जाते, पण रजेच्या अर्थाने जाणारा निरोप घेतो आणि मागे राहणारे देतात.

तुकोबांचा निरोप पाहावा: ‘आम्ही जातो आपुल्या गावा। आमचा रामराम घ्यावा॥’ घरातून निघताना आपण ‘येतो’, ‘येते’ म्हणतो, ‘जातो’ तोंडातून निघाले तर वडीलधारी माणसे टोकतात. तुकोबा तेच टाळलेले क्रियापद पहिल्याच ओळीत सरळ उच्चारतात. परतणे नाही, हे तेवढ्यानेच कळते. पुढे ‘येथुनियां जन्मतुटी’, म्हणजे इथून जन्माची ताटातूट, येते ती त्यावर शिक्का मारायला. ‘गावा’ला ‘ला’ नाही, जुने रूप आहे. आज ‘गावाला’ लिहिले तर चाल मोडते.

म्हणून स्वतःचे वाक्य रोजच्या क्रियापदावर उभे करावे. ‘पंचतत्त्वात विलीन’, ‘अनंताच्या प्रवासाला’ ही भाषा इतरांनी आपल्याबद्दल वापरायची आहे, प्रथमपुरुषात ती ओढूनताणून वाटते. एका श्वासात म्हणता येईल इतकेच लिहावे, पाच-सहा शब्द पुरेत. पुष्कळदा शेवटी शुद्ध नसते, तेव्हा ते दुसऱ्यालाच वाचावे लागते. त्याची जीभ अडखळेल अशी जोडाक्षरे नकोत. कागदावर तारीख घालावी आणि तो कुठे आहे ते एका जवळच्या माणसाला सांगून ठेवावे. मृत्युपत्रात मात्र हे वाक्य घालू नये. ते दोन साक्षीदारांच्या सहीचे मालमत्तेचे कागद, आणि बहुधा दिवसकार्य उरकल्यावरच उघडले जातात.