रविवारचा ब्रिटिश रेडिओ : सगळे बोलणेच, तरी इतके निरनिराळे

प्रश्न : माझा मुलगा नोकरीनिमित्त लीड्सला असतो. यंदा आम्ही उभयता महिनाभर त्याच्याकडे होतो. रविवारी त्याच्या स्वयंपाकघरात बीबीसीचे रेडिओ फोर हे केंद्र पहाटेपासून चालू असे. गाणी जवळजवळ नाहीतच. चर्चच्या घंटा, शेती, मुलाखत, बागकाम, नाटक, राजकारण असे एकामागून एक चाललेले. एकाच केंद्रावर इतके निरनिराळे विषय का ठेवतात? आणि मध्यरात्रीनंतर समुद्रावरच्या वाऱ्याची जी जंत्री वाचतात, ती जमिनीवरची माणसे कशासाठी ऐकतात?
– एक वाचक

उत्तर : आपण ऐकलेल्या रविवाराला मोठा इतिहास आहे आणि त्याची सुरुवात अगदी उलट टोकाला झाली. बीबीसी 1922 साली स्थापन झाली, तेव्हा तिची सूत्रे जॉन रीथ यांच्याकडे आली. रविवार हा उपासनेचा दिवस, ही त्यांची ठाम धारणा असल्यामुळे त्या दिवशी प्रार्थना, गंभीर संगीत आणि व्याख्याने एवढेच प्रसारित होई. परिणाम असा झाला, की 1930 नंतरच्या दशकात रेडिओ नॉर्मंडी आणि रेडिओ लक्झेंबर्ग ही परदेशातून इंग्रजीत बोलणारी व्यापारी केंद्रे रविवारी घरोघरी ऐकली जाऊ लागली. पुढे महायुद्धात सैनिकांसाठी वेगळी सेवा सुरू झाली आणि रविवारचे हे सोवळे सैल पडले. होम सर्व्हिस या जुन्या सेवेच्या जागी 30 सप्टेंबर 1967 रोजी रेडिओ फोर आले, तोवर रविवारी उपासनेच्या शेजारी इतर विषयही चांगले रुजले होते.

उपासना मात्र हटवली गेली नाही, आणि मला हेच महत्त्वाचे वाटते. पहाटे एखाद्या चर्चच्या घंटा, सकाळी कुठल्या तरी गावातली सामुदायिक प्रार्थना आणि एखाद्या सेवाभावी संस्थेसाठी दोन-तीन मिनिटांचे मदतीचे आवाहन हा क्रम आजही आहे. बीबीसीवरील अशा आवाहनांची परंपरा 1923 पासूनची आहे. नवे आले म्हणून जुन्याला बाहेर काढायचे नाही, त्याच्या शेजारी जागा करायची, अशा रीतीने हा दिवस भरत गेला, आणि आपल्याला जाणवलेले वैविध्य त्यातूनच आले.

‘द आर्चर्स’ ही श्रुतिका 1 जानेवारी 1951 पासून देशभर ऐकू येऊ लागली. युद्धानंतर अन्नधान्याचे रेशनिंग चालू होते. शेतकऱ्याने उत्पादन कसे वाढवावे, हे रुक्ष भाषणातून सांगण्याऐवजी अँब्रिज नावाच्या काल्पनिक गावातल्या एका शेतकरी कुटुंबाच्या गोष्टीतून सांगावे, असा मूळ हेतू होता. 1972 मध्ये तो शैक्षणिक हेतू औपचारिकरीत्या संपला, गोष्ट चालूच राहिली. आठवड्याभराचे भाग रविवारी सकाळी सलग ऐकवतात, म्हणून शहरातला माणूसही भाजी चिरता चिरता गाईगुरांच्या चिंता ऐकतो.

दुपारी आपण ऐकलेला बागकामाचा कार्यक्रम 1947 सालचा. तज्ज्ञांचे मंडळ गावोगावच्या सभागृहात जाते, समोर बसलेले लोक आपल्या बागेतले प्रश्न विचारतात आणि तज्ज्ञांना ते आधी दाखवलेले नसतात. त्यामुळे वाकड्या झालेल्या पानाविषयी दोन तज्ज्ञ एकमेकांशी असहमत होतात, तेही श्रोत्याला ऐकायला मिळते. माझ्या मते कार्यक्रमाचा जीव याच असहमतीत आहे. मुलाखतीच्या ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ची कल्पनाही अशीच साधी आहे. 1942 मध्ये रॉय प्लॉम्ली यांनी सुरू केलेल्या या कार्यक्रमात पाहुण्याने निर्जन बेटावर नेण्यासाठी आठ ध्वनिमुद्रिका, एक पुस्तक आणि एक चैनीची वस्तू निवडायची असते. बायबल आणि शेक्सपिअर त्याला आधीच दिलेले असतात. शास्त्रज्ञ असो वा स्वयंपाकी, गाणे का निवडले हे सांगताना माणूस आईविषयी, घराविषयी बोलू लागतो.

आता आपला शेवटचा प्रश्न. 1859 मध्ये ‘रॉयल चार्टर’ हे जहाज वेल्सच्या किनाऱ्याजवळ वादळात फुटले आणि चारशेहून अधिक माणसे बुडाली. त्यानंतर हवामान खात्याचे संस्थापक रॉबर्ट फिट्झरॉय यांनी 1861 पासून तारेने बंदरांना वादळाचे इशारे धाडायला सुरुवात केली. आजच्या वाचनाचे मूळ तेथे आहे. भोवतालचा समुद्र 31 विभागांत वाटलेला असून त्यांतल्या एकाला 2002 मध्ये फिट्झरॉय यांचेच नाव दिले. ‘वायकिंग’ या विभागापासून नावे ठरलेल्या क्रमाने येतात. प्रत्येकापुढे वाऱ्याची दिशा आणि जोराचा आकडा, मग पाऊस, आणि शेवटी नुसते ‘चांगली’ किंवा ‘कमी’ म्हटले, तर ते दृश्यमानतेविषयी असते. अंथरुणात पडून ऐकणाऱ्याला त्याचा काही उपयोग नसतो हे खरे. पण त्याच क्षणी ‘डॉगर’ या विभागाच्या पाण्यात एखादा खलाशी तेच शब्द ऐकत असेल, ही जाणीव त्याला सोबत करते. पाऊण वाजून गेल्यावर हे वाचन होते, त्यानंतर राष्ट्रगीत होते, आणि एक वाजता रेडिओ फोर रात्रीपुरती आपली जागा बीबीसीच्या जागतिक सेवेला देते.