टॉमी जॉन ऑपरेशन झालं म्हणजे पिचरचं करिअर संपलं का?

तुमच्या बहिणीचा सोळा वर्षांचा मुलगा टेक्सासमध्ये शाळेच्या बेसबॉल संघात पिचर आहे, म्हणजे फलंदाजाकडे चेंडू फेकणारा. त्याच्या कोपरातलं लिगामेंट, म्हणजे हाडांना जोडून ठेवणारा पट्टा, फाटलंय आणि डॉक्टरांनी 'टॉमी जॉन' सांगितलंय. त्याचं बेसबॉल संपलं का, असं तुम्ही विचारलंय. नाही, संपलं नाही. पण धीर लागेल, आणि तोही सगळ्या घराला. माझ्या मुलाचं हेच ऑपरेशन सतराव्या वर्षी झालं. ज्या माणसाच्या नावाने हे ऑपरेशन ओळखतात त्याच्याबद्दल मिळेल ते मी तेव्हा वाचून काढलं, म्हणून सांगतो.

टॉमी जॉन हा लॉस एंजेलिस डॉजर्स या अमेरिकन बेसबॉल संघाचा डावखुरा पिचर. १९७४ चा मोसम त्याला जोरात चालला होता, त्याच्या नावावर १३ विजय आणि फक्त ३ हार. १७ जुलैला माँट्रिऑलविरुद्ध चेंडू टाकताना कोपर गेलं. वय ३१. त्या काळी पिचरचं हे लिगामेंट गेलं की तो घरीच बसायचा.

संघाचे डॉक्टर फ्रँक जोब यांनी २५ सप्टेंबरला जे केलं ते आधी कुठल्याच पिचरवर झालं नव्हतं. तुमचा अंगठा आणि करंगळी जुळवा आणि मनगट थोडं आत वाकवा. मधोमध दोरीसारखा एक टेंडन, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा धागा, वर येतो. काहींना तो नसतोच, आणि नसला तरी हाताचं काही अडत नाही. जोबनी जॉनच्या उजव्या हातातला हा टेंडन काढला, डाव्या कोपराच्या हाडांना भोकं पाडली आणि त्यांतून तो ओवून लिगामेंटच्या जागी बसवला. यशाची शक्यता त्यांनी शंभरात एक धरली होती.

पुढचे महिने फार वाईट गेले. कोपराजवळच्या नसेला, म्हणजे मज्जातंतूला, त्रास झाला, बोटं आखडली, पंजा वाकडा झाला. डिसेंबरमध्ये नसेसाठी दुसरं ऑपरेशन करावं लागलं. १९७५ चा अख्खा मोसम तो खेळला नाही. संघातला माइक मार्शल शरीराच्या हालचालींचा अभ्यास केलेला पिचर होता. त्याच्याकडून जॉन चेंडू टाकायची नवी पद्धत शिकला. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोठी वाटते. तिशी ओलांडलेला, शंभरावर सामने जिंकलेला माणूस पुन्हा पहिलीपासून शिकायला बसला.

एप्रिल १९७६ मध्ये तो परतला. त्या वर्षी १० विजय, १० हार. पुढच्याच वर्षी २० विजय. १९८० मध्ये न्यूयॉर्क यांकीज संघाकडून २२. निवृत्त झाला १९८९ मध्ये, ४६ व्या वर्षी. एकूण २८८ विजयांपैकी १६४ ऑपरेशननंतरचे! एवढं असूनही बेसबॉलमधल्या थोर खेळाडूंच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्याची निवड अजून झालेली नाही, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

आता तुमच्या भाच्याबद्दल. ऑपरेशनने हाताला जादा वेग येतो, असं कुणी सांगितलं तर मुळीच विश्वास ठेवू नका. काही आईबाप धडधाकट मुलाचंही करून घ्यायला निघतात. कोवळ्या वयात होणाऱ्या या ऑपरेशनांबद्दल खुद्द जॉनने जाहीरपणे काळजी बोलून दाखवली आहे. सामन्यात परत उतरायला साधारण बारा ते अठरा महिने धरा. करंगळीला मुंग्या येत असतील तर लगेच डॉक्टरांच्या कानावर घाला. दुखणं लपवलं तर संघातली जागा टिकेल असं पोरांना वाटतं. माझ्या मुलाने तीन आठवडे लपवलं होतं.

ऑपरेशननंतर पाच महिन्यांनी त्याने मागच्या अंगणात पहिला चेंडू टाकला, जेमतेम दहा-बारा पावलांवरून, अगदी हळू. मी समोर ग्लव्ह घालून उभा होतो. माझं सगळं लक्ष त्याच्या चेहऱ्याकडे, त्यामुळे चेंडू माझ्या हातून सुटला. तो म्हणाला, "बाबा, दुखलं नाही. परत टाकू?"